जे बटण कीबोर्डवर नव्हतंच

हसायचं तर खुशाल हसा. वाटेत कुणी उतरवून टाकलेलं लिंबू चपलेनं बाजूला सारून पुढे जाणारी मी बाई. भूत, करणी, दृष्टांत... घरात कुणी विषय काढला की मीच सगळ्यात आधी टर उडवायचे. शिवाय धंदा सॉफ्टवेअरचा. बिघाड दिसला की कारण असतंच, या विश्वासावर माझा पगार चालतो.

मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला आमची वाडी. सध्या घरूनच काम करते. भैरवनाथाच्या देवळात जुना कॉम्प्युटर आहे, त्याला भोंगा जोडलाय आणि रोज सकाळी त्यावर भजनं लागतात. ते काम गुरव नामातात्यांचं. त्यांचे हात थरथरतात, माऊस जमत नाही, म्हणून मी त्यांना कीबोर्डवरचं प्लेचं बटण दाखवून दिलं. पण त्या बटणाचं नेमकं कोण ऐकेल, भजनं की दुसरं काही उघडं असेल ते, याचा नेम नसतो. एकदा कुणीतरी व्हिडिओ उघडा ठेवून गेलं आणि भल्या पहाटे नाथाच्या भोंग्यावर लावणी वाजली! तात्या दोन दिवस तोंड लपवून फिरले. मग मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. गाण्याचं कुठलंही बटण दाबलं की तो ते मधेच पकडणार आणि फक्त भजनांना लागू करणार, बाकी कुणाला मिळू देणार नाही. कुठलं बटण आलं त्याचं नाव स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. वाडीत मयत झालं की भोंगा बंद. सकाळी तो मधेच थांबला की माणसं हातातलं काम टाकून देवळाकडे येतात.

आणि मयताला सगळ्यात आधी पोचणार ती माझी सोनाआत्या. आईबाबा शेतात असताना मला वाढवलं ते तिनं. ओढ्याच्या कडेला एकटीच राहते. कितीदा म्हटलं, आमच्याकडे ये, रात्री-अपरात्री काही झालं तर? ती हसायची. "म्या मेले की तात्या भोंगा बंद करंलच. तवा या."

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी चहा घेत होते. अभंग अर्ध्यावर तुटला. लगेच तात्यांचा फोन. "पोरी, ये बरं जरा. भोंगा बोलंना."

गेले. प्ले दाबलं. एक ओळ वाजली, बंद. कोपऱ्यात नाव आलं - STOP.

त्या कीबोर्डवर स्टॉपचं बटणच नाही. प्ले आहे, आवाज कमी-जास्त करायची दोन आहेत, बस. मी कीबोर्डची वायर उपटली. माऊसनं गाणं लावलं. पुन्हा बंद, पुन्हा STOP. कीबोर्ड माझ्या हातात लोंबकळत होता आणि मी त्याच्याकडे खुळ्यासारखी बघत उभी.

तोवर माणसं जमली. "कोन गेलं, तात्या?"

"कोन न्हाई गेलं. मशीन बिगाडलंय."

कुणी हसलं, कुणी मला टोमणा मारला. मी मान खाली घालून वायरी तपासत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "वन्सं कुठं हायती?"

भोंगा बंद पडलाय आणि सोनाआत्या आलेली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

आम्ही पळत सुटलो. मला रस्ता दिसत नव्हता, इतकी भीती वाटत होती. तिच्या गोठ्याची भिंत पावसानं ढासळली होती आणि आत्या कमरेपर्यंत दगडांखाली. डोळे उघडे होते. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त बरंच गेलंय, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं, "हाका मारून घसा बसला माजा. पर त्या भोंग्याम्होरं कोन ऐकतंय? मग म्हनलं, नाथा, माजं ऱ्हाऊ दे, आदी त्यो भोंगा बंद कर."

मी तिचा हात धरून रडले. ती मात्र मलाच ओरडली, म्हैस कुणी बघितली का म्हणून.

ऑफिसातले मित्र म्हणतात, कुणाच्या तरी ब्लूटूथ हेडफोनचं बटण दाबलं गेलं असेल. त्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नाही. म्हणतात, मग कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला असेल. असेल बाई... पण त्या दिवशी दुपारपासून आजपर्यंत एकदाही बिघडलेला नाही. मी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचलाय. काही सापडलं नाही. तात्यांना विचारलं तर ते नाथाकडे बोट दाखवतात, आणि मला तेही पटत नाही. मग काय पटतं? माहीत नाही.

एक मित्र म्हणाला, "ज्या कीबोर्डला स्टॉप नाही तिथं स्टॉप ऐकायचाच कशाला? प्रोग्रॅमला सांग, दुर्लक्ष कर. एका ओळीचं काम आहे."

खरंच एका ओळीचं आहे. आत्या अजून ओढ्याकडेच राहते, ऐकत नाही. ती ओळ मी लिहिलेली नाही.