टिकली दिसली पाहिजे!

आमच्या सोसायटीत गाड्या चारच होत्या, पण त्या चार गाड्यांचे किस्से किती, ते विचारू नका! वॅक्ससारखंच आहे हे. एक थर नीट वाळायच्या आत दुसरा चढतो, आणि मग खालचं काय नि वरचं काय, कुणालाच सांगता येत नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. त्या चार गाडीवाल्यांपैकी एकाच्याही शब्दावर माझा कधी विश्वास नव्हता. आणि त्यांतला एक मीच होतो!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक रोडला आमच्या सोसायटीपर्यंत डांबर पोचलं नव्हतं. हिवाळ्यात रात्रभर दव पडायचं, त्यावर धूळ बसायची आणि सकाळी फडकं फिरवलं की रंगावर ओरखडे. म्हणून दिवाळी आटोपली की आमचा वॅक्सचा सीझन सुरू व्हायचा.

पण खरं कारण वेगळं होतं. सोसायटीत लग्न निघालं, की नवरा-नवरी सोसायटीतल्या सगळ्यांत चकचकीत गाडीतून जायचे, असा अलिखित नियम होता. निकाल द्यायच्या सुलभाताई. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून त्या निःपक्षपाती! त्या एकेका गाडीपुढे वाकायच्या, कपाळावरची टिकली काढायच्या आणि बॉनेटमध्ये बघून परत लावायच्या. जिथं ती बरोबर मध्यावर बसेल, ती गाडी पास.

"मला माझी टिकली दिसली पाहिजे," त्या म्हणायच्या. "बाकी तुमचं वॅक्सबिक्स मला कळत नाही!"

* * *

पहिले निकमसाहेब. रिटायर्ड इंजिनिअर. त्यांचा मेव्हणा दुबईहून त्यांना वॅक्सचा डबा आणायचा. कोणतं वॅक्स ते आम्हाला कळू नये म्हणून साहेबांनी डबा गरम पाण्यात ठेवून त्याचं लेबल सोलून काढलं होतं.

मात्र लेक्चर द्यायला ते कधीही तयार. पार्किंगमध्ये उभं राहून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आधी लिक्विड पॉलिश, त्यानं जुना रंग उघडतो. मग साधं पेस्ट वॅक्स. आणि सगळ्यांत वर इम्पोर्टेड. प्रत्येक थर वाळू द्यायचा. घाई केली की संपलं!"

एका डिसेंबरात त्यांनी स्वतःच घाई केली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गाडीवर पांढरट ढग. साहेब तडक माझ्या दारात!

"पाठक, तुमच्या मिसेसनी माझ्या गाडीवर रांगोळी झटकली!"

ही आतून म्हणाली, "मी रांगोळी काढते ती दिसावी म्हणून. तुमच्या गाडीवर कोण बघणार?"

* * *

दुसरे बापू खोडे. मखमलाबादकडचं फुलांचं शेत, मार्केटला गाळा आणि एक मरून रंगाची व्हॅन. बापूंकडे लिक्विड पॉलिशची मोठी बाटली असायची. पण एका वर्षी त्यांची व्हॅन इतकी खुलली, की आम्हा सगळ्यांनाच संशय आला.

"काय लावलं, बापू?"

"काय नाय वो. देवाची किरपा!"

देवाची कृपा त्या आठवड्यातल्या लग्नात उघडी पडली. नवरदेव पांढऱ्या सफारीत व्हॅनला टेकून फोटोला उभा राहिला आणि बाजूला झाला, तर पाठीमागून पुरता मरून! बापूंनी खालचा थर म्हणून चेरी बूट पॉलिश चढवलं होतं.

वरमाय ओरडायला लागली. बापू शांतपणे म्हणाले, "आवो, शुभ रंग हाय!"

* * *

आता माझं. थंडीत वॅक्स दगडासारखं होतं, म्हणून आम्ही सकाळी आपापले डबे कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात मांडायचो. एकदा माझ्या लक्षात आलं, की माझं पेस्ट वॅक्स खाली चाललंय. मी हात न लावता! निकमसाहेबांना विचारलं, तर ते माझ्याकडेच डोळे बारीक करून बघायला लागले. त्यांचाही डबा उतरला होता. बापूंची बाटलीसुद्धा.

मी सापळा लावला. वॅक्सच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आगकाडीनं बारीक 'श्री' कोरला आणि डबा भिंतीवर ठेवला. म्हटलं, आता बोट घाल बघू!

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. वॅक्स आणखी खाली गेलेलं, वरून छान सपाट केलेलं, आणि त्यावर परत 'श्री' कोरलेला. माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात!

मी सोसायटीतल्या झाडून सगळ्या पुरुषांचं अक्षर तपासलं. एकाचंही जुळेना.

* * *

संशय साहजिकच चौथ्या माणसावर गेला. भामरे. मूळचे सटाण्याकडचे, शाळेत शिक्षक. त्यांची निळी गाडी सेकंडहँड, रंग इतका उडालेला की तिला निळी म्हणायचं ते आरसी बुकात लिहिलं होतं म्हणून. सुलभाताई तर तिच्यासमोर वाकायच्याही नाहीत. पण त्या गाडीवर भामऱ्यांचा जीव! वैशाली, त्यांची एकुलती एक, पाचवीत असताना घेतलेली. तिला तिच्यावरच त्यांनी ड्रायव्हिंग शिकवलं.

त्याच हिवाळ्यात, डबे उतरायला लागायच्या जरा आधी, वैशालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांदवडचा. निकमसाहेबांनी लगेच आपली गाडी देऊ केली, "नियमाप्रमाणे माझीच येणार."

भामरे एरवी आमच्याशी अगदी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी चेहरा लाल झाला आणि गावाकडची भाषा बाहेर आली. "मनी पोर मनी गाडीमाच जाई!"

माझी पोर माझ्याच गाडीतून जाणार. एवढं बोलून ते घरात गेले. सुलभाताईसुद्धा चपापल्या, पण त्यांच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "भामरेसर, नियम म्हणजे नियम. टिकली दिसली पाहिजे."

मला वाईट वाटलं. संध्याकाळी मी माझा डबा भामऱ्यांपुढे धरला. "दुसऱ्याचं वॅक्स लावून माझी गाडी चमकवायची? नको, पाठक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बापलेक गाडी धुवायला खाली. धुऊन झालं की भामरे आंघोळीला वर जायचे आणि वैशाली फडकं घेऊन पुसत बसायची. आणि गाडी खरंच निळी दिसायला लागली! मग गडद निळी. मग तिच्यात समोरची गच्ची दिसायला लागली.

"काय लावता, सर?" मी विचारलं.

"काही नाही. नुसतं कापड आणि मेहनत."

निकमसाहेब माझ्या कानात म्हणाले, "मास्तर असून खोटं बोलतो!" मीही मान डोलावली.

लग्नाच्या आठवड्यात सुलभाताईंनी चारही गाड्या बघितल्या. भामऱ्यांच्या बॉनेटपुढे वाकल्या, टिकली काढली, लावली. बरोबर मध्यावर!

* * *

लग्नाच्या दिवशी बापू झेंडू आणि शेवंतीची टोपली घेऊन गाडी सजवायला आले. चिकटपट्टीनं एक माळ बॉनेटवर लावली. माळ घसरून खाली. दुसरी लावली. तीही खाली.

"आवो, लय बेकार! कायच चिकटत नाय हिच्यावर!"

शेवटी माळा दोऱ्यानं खिडक्यांतून आरपार बांधल्या. मग लक्षात आलं, की आता एकही दार उघडत नाही!

निकमसाहेबांना राहवलं नाही. "भामरे, आता तरी कबूल करा. किती थर दिलेत?"

"वैशालीची शपथ," भामरे म्हणाले, "मी बोटभरसुद्धा वॅक्स लावलेलं नाही."

पोरीची शपथ, तीही लग्नाच्या दिवशी! आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. इतका कोडगा माणूस मी पाहिला नव्हता.

पाठवणीची वेळ झाली. दोरे कापून दारं मोकळी केली. वैशाली सगळ्यांच्या पाया पडून सुलभाताईंपाशी आली. ताईंनी तिचे हात हातात घेतले. आदल्या दिवशीची मेंदी काळीभोर चढली होती. फक्त उजव्या हाताची दोन बोटं पेरांपर्यंत कोरी.

"अगं, इथंच कशी नाही रंगली?" ताई म्हणाल्या. "काही चिकटलंच नाही का या बोटांना?"

वैशालीनं आमच्या तिघांकडे एकदा बघितलं आणि मूठ मिटली. मग पदराच्या टोकानं बॉनेटवरचा कुणाच्या तरी हाताचा ठसा पुसला आणि गाडीत जाऊन बसली.

चांदवडचे व्याही गाडीभोवती फिरून कौतुकानं म्हणाले, "सर, जुनी गाडी, पण काय चमक हो! लावता तरी काय?"

डोळे पुसत भामऱ्यांनी चावी फिरवली. "काही नाही हो," ते म्हणाले. "नुसतं कापड आणि मेहनत."

निकमसाहेबांनी तोंड उघडलं. बापूंनी त्यांचा हात दाबला.