पणजोबांचा पराक्रम आणि मोडीतला कागद

लग्नानंतर वर्षभराने आमची भाड्याची जागा सुटली आणि मी नवऱ्याला घेऊन बोरिवलीला बाबांकडेच राहायला आले. तेव्हापासून बाबा सगळ्या सोसायटीला त्याची ओळख 'आमचे घरजावई' अशी करून द्यायचे. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा तर भाजीवाल्यालासुद्धा. नवरा हसून सोडून द्यायचा. मला मात्र ते टोचायचं.

कोकणातली आमची जमीन पणजोबांना पराक्रमाबद्दल मिळाली, असंही बाबा सांगत. कसला पराक्रम ते ठरलेलं नव्हतं. कधी त्यांनी दरोडेखोर पळवून लावलेले असत, कधी गोऱ्या साहेबाला पुरातून बाहेर काढलेलं असे. रिटायर झाल्यावर बाबांना कुळाचा इतिहास लिहायची हुक्की आली आणि पुरावे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी लॅपटॉप उघडून बसले. वंशवृक्षाच्या एका साइटवर ठाऊक होती तेवढी नावं भरली. मग कळलं की जमिनीचे जुने कागद स्कॅन करून सरकारी साइटवर ठेवलेत. तालुका, गाव, नंबर टाकत टाकत चौथ्या दिवशी आमच्या जमिनीचा जुना फेरफार सापडला, म्हणजे ती कोणाकडून कोणाच्या नावावर गेली त्याची नोंद. पण अक्षर मोडी. मोडी वाचणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला. एका निवृत्त शिक्षिकेने दुसऱ्याच दिवशी तो ओळीओळीने वाचून देवनागरीत लिहून दिला. जमीन पणजोबांना त्यांच्या सासऱ्यांनी बक्षीस दिली होती. पुढे लिहिलं होतं, 'जावई सासऱ्याचे घरीच राहतात.'

नवऱ्याने ते दोनदा वाचलं, प्रिंट काढली आणि बाबांच्या चहाच्या कपाखाली ठेवली.

मोडी वाचताना चुका होतात, असं बाबांचं म्हणणं पडलं. मी ग्रुपवर पुन्हा विचारलं. आणखी दोघांनी तेच वाचलं. तिसऱ्या दिवशी पोहे खाताना बाबा म्हणाले, "सासरा उगाच कोणाला जमीन देत नाही. माणूस तसा असणार."

"तेच म्हणतोय मी, बाबा," नवरा म्हणाला आणि त्याने आणखी पोहे वाढून घेतले.

मग बाबा पणजीच्या माहेरच्यांच्या शोधाला लागले. फेरफारात तिच्या वडिलांचं आडनाव होतं. तेच आडनाव, तेच गाव वंशवृक्षाच्या साइटवर मुलुंडच्या एका गृहस्थांनी भरलेलं निघालं. मी मेसेज टाकला, त्यांनी नंबर दिला. बाबांनी फोनवर सगळं नातं उलगडून सांगितलं. मग ते गृहस्थ म्हणाले, "जमीन आम्ही परत मागायची आहे, की तुम्हाला आणखी हवीय?"

बाबा इतके हसले की फोन मला धरावा लागला.

रविवारी आम्ही मुलुंडला गेलो. गृहस्थांच्या आईने नव्वदी गाठली होती. त्यांनी सासूकडून ऐकलं होतं की तो जावई बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण, असं करायचा की सासऱ्याने त्याला परत जाऊच दिलं नाही. बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. हा पराक्रमच म्हणायचा का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू करून बघ."

घरी आल्यावर त्यांनी मला वंशवृक्ष उघडायला लावला. पणजोबांच्या शेजारी मी नुसतं 'पत्नी' लिहून ठेवलं होतं. म्हाताऱ्या आजींनी सांगितलेलं पणजीचं माहेरचं नाव बाबांनी तिथे स्वतः, एका बोटाने, टाइप केलं.