देवाजीनं कौसल्येला परत का घेतलं

देवाजीसाठी मी दुसरी बायको ठरवून पाहुण्यांना त्याच्या घरी घेऊन गेलो, तेव्हा त्याची सोडून गेलेली पहिली बायको चुलीपुढे बसून आमच्यासाठीच चहा मांडत होती. हे आधीच सांगून टाकतो. देवाजीच्या गावात, आसगावात, माझं नाव निघालं की लोक हीच गोष्ट सांगतात, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

देवाजी गेला त्याला आता दीडेक महिना होईल. त्याच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरला, घराच्या अंगणात येरझारा घालत होतो. "काका, मोठे बाबा गेले," पोरगा म्हणाला. मी म्हणालो, "बरं, त्याच्याजवळ फोन दे." पोरानं पुन्हा तेच सांगितलं. काय झालंय ते मला कळायला थोडा वेळ लागला. पण खरंच सांगतो, त्या क्षणी मला देवाजीशीच बोलायचं होतं. माझी मुलगी सुषमा दोन वर्षांपासून आमच्याकडे राहते. जावई जवाहरनगरला नोकरीला, क्वार्टरमध्ये राहणारा. तो तिला टाकून नागपूरच्या एका बाईबरोबर राहायला गेला होता. ते आता मोडलं, आणि 'झालं गेलं विसरा, चार मोठी माणसं घेऊन येतो' असा त्याचा निरोप आला होता. सुषमा हो म्हणेना, नाही म्हणेना. हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, रडणं चालू. असला प्रसंग ज्याच्यावर येऊन गेला, असा माझ्या ओळखीचा माणूस एकच, आणि नेमका तोच गेला. मी लबाडी केली. मैताचं निमित्त सांगून बैठक पुढे ढकलली. मेल्यावरही देवाजी माझ्या कामी आला म्हणायचा.

आम्ही दोघं पवनीला वसतिगृहात एका खोलीत राहून शिकलो. मी मास्तर झालो, तो धानाच्या बांध्यांकडे परत गेला. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, आणि एका उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर आलेल्या सुपरवायझरबरोबर कौसल्या रायपूरकडे निघून गेली. देवाजी बोलेना, कुणाकडे जाईना. मग त्याचं घर पुन्हा बसवून देणं हे माझंच काम आहे असं मी ठरवून टाकलं. लाखांदूरकडची एक विधवा पाहिली. आमच्याकडे अशा लग्नाला पाट म्हणतात. बँडबाजा नाही, मुहूर्ताची घाई नाही. मुलीकडची दोन-चार माणसं येऊन घर-शेत पाहतात, जेवतात, शब्द होतो. देवाजीला कळवायचं मी मुद्दाम लांबवलं होतं. म्हटलं, तोंडावर सांगू, म्हणजे नाही म्हणायला वेळ राहणार नाही.

दार कौसल्येनं उघडलं. तिनं पाणी दिलं, चुलीपुढे बसून चहा मांडला आणि सहज विचारलं, "पाहुने कोन्या गावचे?" पाहुण्यांतला म्हातारा भोळा, म्हणाला, "लाखांदूराकडचे वो बाई. पाटासाठी घर पाहाले आलो."

"कोनाच्या पाटासाठी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी छपराची कवेलू बघायला लागलो. तेवढ्यात देवाजी चिखलाच्या पायांनी आला, पाहुण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "चहा पी. मंग बोलू." चहा मी एकट्यानंच प्यालो. कौसल्या आठवड्यापूर्वीच परत आली होती. परतीच्या वाटेवर म्हातारा मला एवढंच म्हणाला, "मास्तर, शाळेत बी असंच शिकवता का?"

त्यानंतर कितीतरी वर्षं मी देवाजीला खोदत राहिलो. काहून घेतलं तिला परत? दर वेळी नवं उत्तर. कधी म्हणायचा, "धानाच्या रोवन्याले बाया भेटत नाहीत रे. घरची एक झाली." कधी म्हणायचा, "लाखोळीचं वरन तिच्यासारखं कोनाले जमत नाही." मी चिडायचो, तो सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत हसायचा. शेवटची भेट भंडाऱ्याला दवाखान्यात झाली. त्याला धाप लागत होती, तरी मी आपलं तेच विचारलं... देवाजी, तू तिला माफ कसं केलंस?

"माफ कोनं केलं?" तो एकदम म्हणाला. "मले आजबी राग येते तिचा. पन राग कराले बी घरात मानूस लागते ना बे."

इतक्यात कौसल्या डबा घेऊन आली. "किती उशीर लावली," तो तिच्यावर खेकसला आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून पलंगावर सरकला.

या उत्तरानं माझी झोप उडाली. राग होता तर घेतलं कशाला? घेतलं तर राग कशाला? आणि सुषमाला मी यातलं काय सांगू? तेरवीनंतर न राहवून पुन्हा आसगावला गेलो. कौसल्यावहिनी तांदूळ पाखडत होत्या. मी विचारलं तर सूप न थांबवता म्हणाल्या, "मले का माहीत भाऊजी? मी कधी इचारलीच नाही. भेव वाटे. इचारली आन् त्याईनं इचार बदलला तं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पवनीच्या बाजाराले गेली का वापस येतानी हे रोडवरच्या स्टँडवर उभेच. खर्रा घ्याले आलो म्हनत. आता खर्रा काय गावात भेटत नाही? मले वाटे, भरोसा नाही म्हनून पाहारा देते. मी लय भांडली त्याच्यावरून. मंग एक दिवस बस बंद पडली, मी अंधार पडल्यावर पोचली. तवा त्याईचं तोंड पाहिली... पाहारा नव्हता भाऊजी तो."

त्या दिवशी बाजारच होता. आम्ही बरोबरच पवनीला गेलो, बरोबरच परतलो. आसगावचा स्टँड जवळ आला तशा वहिनी बोलणं अर्ध्यावर सोडून खिडकीशी सरकल्या आणि वाकून पानठेल्याकडे बघू लागल्या. ठेल्यासमोर दोन पोट्टे मोबाइल बघत होते. वहिनींनी पिशवी उचलली आणि सगळे उतरल्यावर उतरल्या.

शहापूरला येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. सुषमा ओट्यावर बसली होती. तिला मी राग, पहारा, पानठेला सगळं सांगितलं, चांगले हातवारे करून. शेवटी म्हणालो, "तेव्हा बाई, माणसाला असंच परत घेतात. राग राहू दे, माणूस घरात येऊ दे. रविवारी बोलावून टाकू?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवाजीकाकाले राग येत होता बाबा. मले येत नाही. पयले यायचा, त्याचा फोन आला का कापून टाकायची. आता त्याचं नाव निघालं तं मले शेजारच्याचं निघाल्यासारखं वाटते. येऊ नका म्हनून सांगा त्यायले."

"अगं, पण थोडा विचार..."

"तुमाले एवढी घाई असन," सुषमा उठत म्हणाली, "तं तुमीच जा ना जवाहरनगरले नांदाले!"