डॉक्टरांचे हातमोजे

पूची सवय होते म्हणतात. खोटं बोलतात मेले. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात, मिलिटरीच्या एका जुन्या बराकीत एका डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. तिथे मी हत्यारं धुवायला होते. गळू कापलं की चिमटे, कात्र्या, सुया सगळं ट्रेमधून माझ्या मोरीवर यायचं. रक्त वाळलेलं, सांध्यांत पिवळं काहीतरी अडकलेलं. ते ब्रशने घासायचं, लायसॉलमध्ये बुडवायचं, मग स्टोव्हवर उकळायचं. घासताना शिंतोडा ओठावर उडाला की दिवसभर मला थुंकी गिळवत नसे.

त्यातही डॉक्टरांचे रबरी हातमोजे म्हणजे नकोसं काम. ते मी धुवायचे, उघड्या हातांनी. उलटे करायचे, फुगवून भोक बघायचं, वाळवून पावडर लावायची. लायसॉलने माझ्या बोटांची सालं निघत. एकदा सिस्टरकडे मी माझ्यासाठी एक जोड मागितला. ती सिंधी, मनाने वाईट नव्हती. हसून म्हणाली, "बाई, डॉक्टरसाब को ही पूरा नहीं पड़ता, तेरे को कहां से दूं?"

घरी, जवळच्या मोरिवली गावात, सासूबाई नाक मुरडत. "तुजे हातची भाकर नको गो, औषिद खाल्ल्यावानी लागतं," म्हणून स्वतःच भाकरी थापायला बसत. मला राग यायचा. पण घास तोंडात घालायच्या आधी मीही तो हात हुंगून बघायचे.

आणि एक दिवस पू काढलेली सुई धुताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली. बोट सुजलं, काळंनिळं झालं, काखेत गाठ आली. मी घाबरले. बोट गेलं तर ब्रश कशाने धरू? कामावरून काढतील, ही भीती दुखण्याहून मोठी होती. शेवटी सिस्टरनेच मला ओढत डॉक्टरांसमोर नेलं.

"आधी का नाही दाखवलंस?" ते ओरडले, आणि बोटाला हात लावायच्या आधी त्यांनी हातमोजे चढवले. मीच धुतलेले. पावडरखालून लायसॉलचा वास येत होता. त्यांनी बोटाला चीर दिली. घाण वाहिली तशी त्यांनी तोंड वळवलं. "जरा जपून काम करावं, बाई," म्हणाले.

बोट वाचलं. मला रडू आलं, इतकं हायसं वाटलं. पट्टी बांधून मी बाहेर आले, तर सिस्टरने सवयीने ट्रे माझ्या मोरीवर ठेवलाच होता. वर हातमोजे, माझ्याच पूने चिकट झालेले.

आतून डॉक्टरांनी हाक मारली, "बाई, हातमोजे लवकर दे, पुढचा पेशंट थांबलाय."

पट्टीचा हात वर धरून मी ते डाव्या हाताने धुतले. पू स्वतःचा होता म्हणून किळस काही कमी आली नाही.