टाकीला डिंक

तपासनिसांनी आयुष्यात स्वतः एक वस्तू बनवली नाही, पण त्यांनी नाव ठेवलं नाही अशी वस्तूही जगात उरली नव्हती. नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. निवृत्त झाल्यावर नाक मुरडायला कुणी समोर उरेना, म्हणून त्यांनी वाफेवर धावणारं एक छोटं इंजिन विकत आणलं, त्याला हिरवा रंग फासला आणि आपणच घडवलं म्हणून सांगत सुटले. बायकोला सगळं ठाऊक होतं. रंगाने माखलेले त्यांचे हात तिनेच घासून काढले होते.

गावातल्या हौशी मंडळींनी बागेत इंजिनांसाठी चिमुकले रूळ टाकले होते. वर्षातून एकदा सगळे तिथे आपापली इंजिनं पळवत. कोणाचं रुळावर चढेल ते ठरवायचं काम यांनी अंगावर ओढून घेतलं, कारण दुसऱ्या कुणाला ती कटकट नकोच होती. नियमही यांचाच. पाण्याच्या टाकीचे सांधे धातू वितळवून, डाग देऊनच जोडलेले हवेत; डिंक दिसला की इंजिन घरी. चिकटवायच्या कुठल्याही पदार्थाला ते डिंकच म्हणत.

गेल्या वर्षी त्यांनी बायकोच्या धाकट्या भावाला असंच परत धाडलं. तो शाळेत शिपाई. इंजिन मात्र त्याने खरोखर स्वतःच्या हाताने केलेलं. चारचौघांत त्याच्या टाकीचा कोपरा नखाने खरवडून हे म्हणाले, "शिपायाचं काम." यंदा त्याने टाकीचे सगळे सांधे नव्याने जोडले आणि बहिणीला सांगितलं, "ताई, या वेळी नाही चढलं तर मोडीत घालतो. पुन्हा हसं नको."

इंजिनं पळवायच्या आदल्या दुपारी यांच्याच टाकीखालचं वर्तमानपत्र ओलं झालं. सांध्याला टाचणीएवढं भोक होतं.

"तूच पाणी सांडलं असशील," तपासनीस म्हणाले आणि डाग द्यायची गॅसची बत्ती पेटवून बसले.

"बाजूच्या सांध्यांवर ओलं फडकं ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर तेही वितळतील. धाकटा तसंच करतो."

"मला शिकवू नकोस."

त्यांनी अशी ज्वाळा सोडली की भोक बुजायचं राहिलं बाजूला, टाकीचा अख्खा तळ सुटून टेबलावर पडला. टेबलक्लॉथ जळला. तपासनिसांनी हल्लीच्या पितळेला चार शिव्या घातल्या. मग, अडला हरी तसे, हळूच विचारते झाले, "चिकटवायचं काही आहे का घरात?"

चपलेचा तळवा सुटला होता म्हणून तिने एक ट्यूब आणली होती, ती दिली. यांनी ती पिळून पिळून रिकामी केली आणि वरून हिरवा रंग लावला.

"हे तात्पुरतं आहे," ते म्हणाले. तिने विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बागेत ते छाती काढून उभे. धाकट्याची पाळी आली. सगळे सांधे सुरेख होते, पण एक भोक काही केल्या बुजलं नसावं, तिथे चिकट पदार्थाचा थेंब होता. त्याने तो लपवलाही नव्हता. तपासनिसांचं नख बरोबर तिथे गेलं.

"डिंक."

धाकटा खाली मान घालून इंजिन खोक्यात ठेवू लागला.

ती पुढे झाली आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "आता तुमची टाकी मी खरवडू?"

तपासनीस खोकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चढव रे. घरचा माणूस आहेस, या वेळी सोडतो."

इंजिन रुळांवरून बेताने, धूर काढत गेलं आणि वळसा घालून परत आलं. धाकटा धावत बहिणीपाशी आला. त्याचे डोळे भरले होते.

"ताई, भाऊजी कडक आहेत, पण मन मोठं आहे गं त्यांचं."

तपासनिसांनी शेजारी उभ्या उभ्या मान डोलावली. तिला नवऱ्याची अगदी आतून किळस आली. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो रे," ती म्हणाली. "मोठं आहे."