साक्षीला दुसरा माणूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दुपारी काय जेवलो तेसुद्धा रोज फोनवर सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण सुरुवात कुठून करू? कबड्डीपासून करतो. माझ्यामुळे एका माणसाचं गाव सुटलं, आणि ते कबड्डीतच सुटलं.

रायगडात खाडीकाठी आमचं गाव. तिथली चौदा-पंधरा माणसं दुबईत आहेत आणि त्यांचा एक संघ आहे. हसू नका — दुसऱ्या फेरीपुढे आम्ही कधी गेलो नव्हतो. पण रविवारी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कामगारांच्या खोल्यांमागच्या वाळूत आम्ही जमायचो, तेव्हा मी कासमचा रफीक असायचो. बाकीचे सहा दिवस? दुबईच्या देरा वस्तीतल्या खोलीत आम्ही आठ जण, आठ ठिकाणचे. मला ताप आला तर एवढंच सांगायचे की खोकायचं असेल तर बाहेर जा.

मग अश्रफ आला. गावात आमच्या दोन घरांची भिंत एक, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचे वडील वारले तेव्हा सासरच्यांनी त्याच्या आईला बाहेर काढलं. दीड वर्षाच्या पोराला घेऊन ती खाडी ओलांडून माहेरी आली, ती कायमची. पलीकडच्या त्या गावात अश्रफने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि खेळायचा असा, की तो चढाईला निघाला की समोरचे सातही जण मागे सरकत. तोवर पहिली चढाई माझी असे. आता मी राखीव झालो, पाण्याच्या बाटल्या सांभाळू लागलो. माझ्या पोटात दुखायला लागलं — दुसरं काय?

आमच्या स्पर्धेचा नियम असा, की माणूस ज्या गावाचा त्याच गावाकडून खेळणार. पासपोर्टवरचं गाव बघतात. वाद झालाच, तर त्या खेळाडूहून वयाने मोठ्या अशा दोन गावकऱ्यांनी उभं राहून म्हणायचं, हा आमचा. मग प्रश्न मिटतो. शब्दाला एवढा मान मी दुबईत दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलो आणि समोर आलं नेमकं पलीकडचं गाव. त्यांनी अश्रफवर हरकत घेतली. पासपोर्टवर त्याच्या वडिलांचं, म्हणजे त्यांचंच गाव होतं. आमचा कप्तान जनार्दनदादा लगेच साक्षीला उभा राहिला. दुसरा माणूस हवा होता. संघात अश्रफहून मोठे आम्ही दोघंच — दादा आणि मी.

मी नव्हतो. अस्रची, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती, मी नमाजला गेलो होतो. निदान सगळ्यांना मी तेच सांगितलं. नमाजला गेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? पोरं कुरकुरली, तेव्हा दादाच माझ्या बाजूने त्यांच्यावर ओरडला. वरून कीर्तन, आतून तमाशा, ही दादाची आवडती म्हण. ती मला किती शोभली असती.

मी चालवतो त्या ऑफिसच्या व्हॅनमध्ये होतो. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टँकरआड, काचा वर, एसी चालू. हरकत घेतलेली मी पाहिली आणि पाय आपोआप व्हॅनकडे वळले — नाही, आपोआप नाही. मी वळवले. फोनवर दादाचा निरोप आला. "यल्ला रफीक, चल लवकर, कुठं आहेस? साक्षीला दुसरा माणूस पायजे. तूच पायजेस." मी तो दोनदा ऐकला. समोर अश्रफ रेषेवर उभा होता, वळून वळून गेटाकडे बघत होता. पंच थांबले, बराच वेळ थांबले. शेवटी अश्रफने जर्सी काढली.

तेव्हा मी उतरलो. पण उतरण्याआधी — हेच सांगायला जड जातंय — बाटलीतलं पाणी घेऊन तोंड आणि कोपरापर्यंत हात ओले केले. नमाजाआधी वजू करतात तसं. त्या ओल्या हातांनीच मी पहिली चढाई केली. आम्ही एका गुणाने जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, फोटो गावच्या ग्रुपवर गेला. फोटोत एका कडेला अश्रफ टाळ्या वाजवतोय.

त्यानंतर तो रविवारी आलाच नाही. त्याची खोली मैदानापासून दहा मिनिटांवर. ज्याला साक्षीला दोन माणसं मिळाली नाहीत त्याने कुठल्या तोंडाने यायचं, असं त्याने दादाला सांगितलं. तिकडून पलीकडच्या गावाने त्याला बोलावलं, "आमच्याकडून खेळ" म्हणून. ज्यांनी आईला हाकललं त्यांच्याकडून? तिथेही तो गेला नाही. आता सुट्टीच्या दिवशी तो एकटाच खोलीत झोपून असतो. त्याचा रविवार मी घेतला. आणि माझा मला परत मिळाला असं म्हणाल, तर तसंही नाही. कासमचा रफीक अशी हाक आली की मी आता दुसरीकडे बघतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्या खोलीवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्याने चहा केला, माझ्या आईची तब्येत विचारली. मग स्वतःच तो विषय काढला.

"रफीकभाई, त्या दिवशी तू नमाजला गेला नसतास, तर उभा राहिला असतास. मला तेवढं पुरे."

मी म्हणालो, हो. उभा राहिलो असतो.