चंद्रमतीबाईंच्या टाकीतले मासे

चंद्रमतीबाईंनी उभ्या आयुष्यात मासा खाल्ला नव्हता, पण मासा कशानं जगतो आणि कशानं मरतो हे त्या इतक्या ठामपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचा जन्मच तळ्यात झाला. हा ठामपणा पंपांनी दिलेला. तंजावूरच्या एका पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं त्या कार्यशाळेत मदतनीस होत्या. पदविका नाही म्हणून बढती नाही. मात्र पंप बंद पडला की पदविकावाली सगळी मोठी माणसं मुकाट्यानं त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहत. बाई पंपाला कान लावत, "बेअरिंग गेलंय" म्हणत, आणि ते खरोखरच गेलेलं असे.

निवृत्त झाल्यावर घरात बसून राहतील तर त्या चंद्रमतीबाई कसल्या! गावातच करंदै भागात एक शेड भाड्यानं घेऊन त्यांनी फायबरच्या टाक्या बनवायला घेतल्या. यजमान श्रीनिवासराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब. ते शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि आल्यागेल्याला कॉफी पाजत.

गेल्या वर्षी तिथं वैरक्कण्णू आला. पापनाशमजवळच्या एका मोठ्या तलावात मासेमारी करणाऱ्या बारा जणांचा तो म्होरक्या. त्यांना जुन्या होड्या काढून कायाक घ्यायच्या होत्या, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या अरुंद, हलक्या होड्या. तिथला मरळ मासा जिवंत आमिषाशिवाय गळाकडे ढुंकून बघत नाही. आमिषाची बोटभर मासळी हे लोक प्लास्टिकच्या घागरीत घेऊन जात आणि नऊ वाजेपर्यंत त्यातली निम्मी मरून जाई. कायाकमध्येच टाकी बसवता येईल का, असं त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"येईल," बाई म्हणाल्या. कशी, ते त्यांनाही अजून ठाऊक नव्हतं.

आठ महिने त्या या टाकीमागे हात धुऊन लागल्या. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात मासे एकमेकांवर चढून गुदमरतात हे कळल्यावर टाकी गोल केली. तळाशी छोटा पंप बसवला. तो टाकीतलं पाणी ओढून वरच्या भोकाभोकांच्या नळीतून परत टाकीतच फवारायचा, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राही. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेली यंत्रं दुरुस्त केली होती. पूर्णपणे स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच वस्तू, आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला होता.

वैरक्कण्णूची अट सरळ होती. सकाळी सहाला टाकीत सोडलेले मासे दुपारी बाराला जिवंत दिसले तर बाराही कायाकना बाईंच्या टाक्या. नाहीतर चेन्नईच्या व्यापाऱ्याकडून बिनटाकीच्या होड्या घेऊन तो मोकळा होणार होता.

ठरल्या शनिवारी तीन कायाक तलावाच्या काठाला लागल्या. प्रत्येक टाकीत वीस मासे मोजून सोडले. झाकणं लावायच्या आधी, वैरक्कण्णू आणि त्याची माणसं वल्ही आणायला गेली असताना, बाईंनी पिशवीतून चुरमुऱ्यांचा पुडा काढला. देवळाच्या तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकल्याशिवाय त्यांचा एकही शनिवार जात नसे. शिवाय आपल्या हाताखालून कुणी उपाशीपोटी निघालेलं त्यांना मुळीच खपत नसे. पहिल्या टाकीत दोन मुठी पडल्या, दुसरीत दोन. तिसरीपर्यंत पुडा संपला.

"अहो, ते अस्के गळाला लागायचे की," श्रीनिवासराव त्यांच्या घरच्या तंजावुरी मराठीत हळूच म्हणाले. अस्के म्हणजे सगळे.

"म्हणून उपाशी पाठवूं का त्यांस?"

झाकणं बसली, पंप गुणगुणायला लागले आणि तीन माणसं तीन होड्या घेऊन निघाली.

नऊ वाजता मधल्या तपासणीसाठी पहिली होडी परत आली. वैरक्कण्णूनं झाकण उघडलं तर वीसच्या वीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. दुसरीतही तेच. मागून तिसरी आली. तिच्यातले वीसही मासे टुणटुणीत!

"अम्मा, पंप कमजोर निघाले," वैरक्कण्णू म्हणाला. तो काही रागावला नव्हता. "मोठे बसवा. पुढच्या आठवड्यात परत बघू."

बाईंच्या पिशवीत मोठा पंप होता. तो बसवला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्यांनी झाकणाला कान लावला. पंप ठणठणीत होता. तिसऱ्या होडीतही हाच पंप, एकाच खोक्यातून काढलेला. बाईंनी बाही वर सारली, श्वास रोखून मेलेल्या माशांमध्ये हात घातला आणि पंपाच्या तोंडावरची जाळी काढून आणली. जाळीवर पांढऱ्या लगद्याचा थर बसला होता. भिजून फुगलेले चुरमुरे! पंप बिचारा चालत होता, पण त्याला ओढायला पाणीच मिळत नव्हतं.

बाईंच्या कानशिलांना चटका बसला. जाळी पाण्यात विसळून टाकायला एक क्षण पुरला असता. लगदा काय आहे हे ओळखणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते भलेपणानं समोरचे माड मोजायला लागलं होतं.

"पंप नीट आहे, वैरक्कण्णू," बाई म्हणाल्या. "हे चाळीस मासे मी मारले." आणि पुड्यापासून लगद्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

वैरक्कण्णूनं जाळी हातात घेतली. मग म्हणाला, "पण अम्मा, आमची माणसंही टाकणारच. माझा थोरला भाऊ सत्तरीचा आहे, स्वतः जेवायच्या आधी माशांना भात टाकतो. त्याला नको कसं सांगू? खाऊ घातलं की मासे मरत असतील तर ही टाकी आमच्या कामाची नाही."

बाईंना हे एकदम पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच झोंबलं. ज्यांच्यासाठी टाकी करायची ती माणसंच आपण हिशेबात धरली नाहीत! त्यांनी घड्याळ बघितलं.

"बारापर्यंतचा वेळ ठरलाय ना? आता सव्वानऊ झालेत. अहो, ते कांदे इकडं द्या."

श्रीनिवासरावांनी येताना पापनाशमच्या बाजारातून जाळीच्या पिशवीत सांबारात घालायचे छोटे कांदे घेतले होते. बाईंनी ते त्यांच्या धोतरासारख्या वेष्टीच्या ओच्यात रिकामे केले, पिशवीत तारेचं वेटोळं घालून ती फुगवली आणि पंपाभोवती तोंड आवळून बांधली. आता थोडा लगदा बसला तरी उरलेल्या जाळीतून पाणी येणार होतं. पहिल्या होडीतली टाकी धुऊन, नवीन पाणी भरून तिसरीतले वीस मासे तिच्यात सोडले.

"आता तुमचा भात टाका," बाई म्हणाल्या.

वैरक्कण्णूनं डबा उघडून चांगला मूठभर भात टाकीत टाकला. बाईंनी स्वतःच झाकण लावलं.

पुढचे अडीच तास त्या काठावर बसून होत्या. चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं, पण आणलेल्या दहीभाताचा डबा त्यांनी उघडलाही नाही. श्रीनिवासराव कांदे सांभाळत शेजारी बसून राहिले. त्याचं बाईंना फार बरं वाटलं.

बारा वाजता झाकण उघडलं. पिशवीला खालून पांढरा थर चढला होता, वर नळीतून पाणी झोकात फवारत होतं आणि खाली मासे गरगरा फिरत होते. वैरक्कण्णूनं दोनदा मोजले. वीस.

"बारा टाक्या, अम्मा," तो म्हणाला. "पिशवीसकट."

मग त्यानं त्यातलाच एक मासा चिमटीत धरला, गळ हातात घेतला आणि जरा अडखळला. "तुम्ही तिकडे तोंड करा थोडं."

"नको," बाई म्हणाल्या. "टाकी कशासाठी केली ते मज दिसू दे."

त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. गळ पाठीतून आरपार गेला. हाच मासा जगावा म्हणून सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दोरी पाण्यात सुटली आणि मासा एवढ्या जोरात पळाला की वैरक्कण्णूच्या हातातली काठी हलली.

"अजिबात दमलेला नाही, अम्मा!"

"नाहीच दमणार," चंद्रमतीबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पुसलं नाही.